दुपारचे सहा संगणक: ज्येष्ठांच्या मेंदूच्या सरावाच्या नोंदी, सांगली

१२ डिसेंबर २०२४

विश्रामबागेतला आमचा टायपिंगचा क्लास सकाळी सातला सुरू होतो. दुपारी साडेबारा ते चार सहाही संगणक झाकून ठेवलेले असतात. सासरे, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर छत्तीस वर्षं दिवाणजी होते. गेल्या दिवाळीपासून बँकेत जायचं टाळतात. का विचारलं तर म्हणतात, "डोकं पूर्वीसारखं चालत नाही गं." शंभर फुटी रस्त्यावर त्यांच्याबरोबर सकाळी फिरणाऱ्या आणखी दोघांचीही हीच तक्रार. रिकामी यंत्रं आणि ही तक्रार एकत्र आणायची ठरवली. कुणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते आहे.

सराव कशाचा आणि किती, हे मनाने ठरवलेलं नाही. अमेरिकेत १९९८ साली 'अ‍ॅक्टिव्ह' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. पासष्टीपुढची २,८३२ माणसं होती. एका गटाने स्मरणाचा सराव केला, एकाने तर्काचा, एकाने संगणकावर झटपट पाहून ओळखण्याचा, आणि एका गटाने काहीच नाही. साठ ते पंचाहत्तर मिनिटांच्या दहा बैठका, पाच-सहा आठवड्यांत. ज्याचा सराव केला त्यातच माणूस सुधारला. दहा वर्षांनी तपासलं तेव्हा तर्क आणि वेग यांचा फायदा टिकलेला होता, स्मरणाचा राहिला नव्हता. म्हणून आपणही हे दोनच घ्यायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक तास, पाच आठवडे.

१६ डिसेंबर

आधी तयार खेळ चाळले. फोनवरचे बहुतेक इंग्रजीत आणि मध्येच जाहिरात. जाहिरात बंद करायची फुली एवढी लहान की अण्णांचं बोट दर वेळी जाहिरातीवरच. 'जीब्रेनी' हा फुकट मिळणारा कोड्यांचा संच चांगला आहे, पण शब्दांची कोडी इंग्रजी. 'जीकाँप्रिस' लावून पाहिलं. तो लहान मुलांसाठी केलेला आहे. शेजारच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात, दहा मिनिटं बसल्या आणि उठल्या. "मला बालवाडीत बसवलंस होय?" त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. खेळ सोपा असला तरी चालेल, पण समोरच्याने सत्तर वर्षं जगून काढली आहेत याचा मान त्यात दिसला पाहिजे.

स्वतःच लिहायचं ठरलं.

१८ ते २१ डिसेंबर

संगणक जुने, उघडायला चार-चार मिनिटं लागायची. हार्ड डिस्क काढून सहाही यंत्रांत २४० जीबीच्या एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवल्या, नगाला १,४५० रुपये. टायपिंगच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं म्हणून विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी दुसरी प्रणाली टाकली.

चौथ्या यंत्रावर लिनक्स टाकताना चुकीचा भाग निवडला आणि विंडोज उघडेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचमधल्या मुलीला बसायला जागा नव्हती, परीक्षा महिन्यावर आलेली. तिला दोन दिवस जादा वेळ देऊन भरपाई केली. यंत्र उसनं घेतलेलं असो वा कामाचं, आधी पूर्ण डिस्कची प्रत काढा. ती काढायला चाळीस मिनिटं लागली असती. ती न काढल्याने दीड दिवस गेला.

२३ डिसेंबर ते १ जानेवारी २०२५

या दहा दिवसांची मला सगळ्यात जास्त हळहळ आहे. पायथन या संगणकाच्या भाषेत, खेळ लिहायचं पायगेम हे साधन वापरून कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिहिला. चित्रं, आवाज, वेळ, सगळं जमलं. शेवटी मराठी अक्षरं टाकली आणि पडद्यावर 'कृष्णा' चा 'ष्णा' फुटून ष, पाय मोडल्याची खूण आणि णा असं वेगवेगळं दिसलं. 'किल्ली' ची वेलांटी क च्या उजवीकडे. चार फॉन्ट बदलले, काही होईना. दोष फॉन्टचा नव्हताच. आमच्याकडच्या पायगेममध्ये अक्षरं एकापुढे एक ठेवली जातात, जोडाक्षर जुळवण्याचं काम होतच नाही. शब्दांची चित्रं करून चिकटवण्याचा पर्याय होता, पण शब्द दोनशेच्या वर.

ब्राउझर मात्र जोडाक्षरं बरोबर जुळवतो. सगळं टाकून साधं वेबपान करायला घेतलं, नेट न लागता यंत्रावरच उघडणारं. चार दिवसांत तिथपर्यंत पोहोचले जिथे दहा दिवसांत पोहोचले होते. फॉन्ट 'मुक्ता' घेतला, त्याची अक्षरं मोठी केल्यावरही मोकळी राहतात. मराठीत काही करणाऱ्यांनी पहिल्या तासालाच 'कृष्णा', 'किल्ली' आणि 'दुर्गा' हे तीन शब्द पडद्यावर आणून पाहावेत.

१० जानेवारी

वेगाचा खेळ असा आहे. पडद्याच्या मध्यभागी क्षणभर एसटी किंवा रिक्षा दिसते. त्याच क्षणी कडेच्या चोवीस जागांपैकी एका जागी एक ठिपका. मध्ये काय होतं आणि ठिपका कुठे होता, दोन्ही सांगायचं. दोनदा लागोपाठ बरोबर आलं की चित्र आणखी कमी वेळ दिसतं, एकदा चुकलं की जास्त वेळ. अशाने माणूस दहातली सातेक उत्तरं बरोबर देईल अशा जागी खेळ आपोआप स्थिरावतो, म्हणजे नवखा कंटाळत नाही आणि हुशारही कंटाळत नाही.

आज घरच्यांवर चाचणी. सगळेच ३३ मिलिसेकंदांपर्यंत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) खाली गेले, अण्णांच्या धाकट्या बहिणीसुद्धा, ज्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मला आनंद झाला, तो संध्याकाळपर्यंत टिकला. नंतर लक्षात आलं की चित्र गेल्यावर पडदा पांढरा ठेवला होता, आणि पांढऱ्यावर पाहिलेल्या चित्राची छाप डोळ्यात रेंगाळते. माणूस निवांत ती छाप वाचत होता. चित्र गेल्याबरोबर सगळ्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गर्दी दाखवायला सुरुवात केली. आकडे ४०० ते ५०० वर गेले. आता खरे वाटतात.

दुसरी चूक वेळ मोजण्यातली. ब्राउझरला '५० मिलिसेकंदांनी बंद कर' सांगितलं तर तो आपल्या सोयीने बंद करतो. पडदा सेकंदाला ६० वेळा नवा होतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. वेळ फ्रेम मोजूनच धरली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटताना बारा नावं नक्की झाली. वयं ६३ ते ८१. अण्णा, निवृत्त कंडक्टर काका, बाई, आत्या, दोन माजी पोस्टमन, बाकी घरं सांभाळलेल्या बायका. सहा-सहाच्या दोन बॅच.

एका विद्यार्थ्याने हौसेने फलक रंगवून आणला, 'विस्मरण टाळा, मेंदू तरुण ठेवा'. त्याची मेहनत दिसत होती, तरी तो लावला नाही. आपल्याला ते वचन देता येत नाही. २०१६ च्या जानेवारीत ल्युमॉसिटी या अमेरिकी कंपनीला असल्याच दाव्यांपायी २० लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्यांमागे पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. त्याच मुलाने नवा फलक केला, 'ज्येष्ठांसाठी संगणकावर सराव, मंगळवार-शुक्रवार'. माणसं तेवढ्यावरही आली.

३१ जानेवारी

सुरुवातीची मोजणी. सरावातलाच खेळ मोजणीला वापरला तर गुण वाढणारच, म्हणून मोजणी घरच्या कामांची ठेवली. औषधाच्या पाकिटावरची मुदत वाचणं, डब्यातल्या नाण्या-नोटांतून ८७ रुपये काढून देणं, यादीतून फोन नंबर शोधणं, छापील वेळापत्रकातून गाडीची वेळ सांगणं. चारी कामांची मिळून वेळ घड्याळावर. सरावाला न येणाऱ्या चौघांनाही हीच कामं दिली, पुढे तुलनेला लागतील. कुणाचीही स्मरणाची वैद्यकीय चाचणी मी केलेली नाही आणि करणार नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

४ फेब्रुवारी, पहिली बैठक

तासातली पहिली वीस मिनिटं मानदुखीत गेली. बहुतेकांचा चष्मा बायफोकल. वाचायची काच खालच्या अर्ध्यात, आणि आमचे पडदे सीपीयूच्या डब्यावर उंच ठेवलेले. बिचारे हनुवटी वर करून खालच्या काचेतून वर बघत होते. डबे खाली जमिनीवर न ठेवता बाकाच्या कडेला उभे केले, पडदे टेबलावर आणले, थोडे मागे कलते केले. दुसऱ्या बॅचला मान दुखली नाही.

चूक झाली की 'टिंग' वाजायचं. तिघांना ते ऐकूच येत नव्हतं आणि मी समजत होते की ते दुर्लक्ष करतात. आवाज ३,००० हर्ट्झचा होता. वय वाढलं की उंच स्वर आधी जातात. ६०० हर्ट्झचा केला, हेडफोन दिले. पोस्टमन काकांना तरीही डाव्या कानाने कमी. कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला, एवढंच होतं.

माउस नको. दोनदा टिचकी मारताना हात हलतो. कीबोर्डवर लाल आणि पिवळा ठसठशीत कागद चिकटवलेल्या दोनच कळा, आणि ठिपक्याच्या जागेसाठी मी किंवा विद्यार्थी शेजारी बसून ते बोटाने दाखवतील तिथे टिचकी मारतो.

७ फेब्रुवारी

तर्काच्या भागात मी उत्साहाने हिशेबाचा खेळ टाकला होता. अण्णांच्या हेडफोनमध्ये आवाज आला, "सतरा सव्वा?" प्रश्न संपायच्या आत अण्णा म्हणाले, "सव्वाएकवीस." सात औट, म्हणजे सात साडेतीन? "साडेचोवीस." पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, औटकी, अपूर्णांकांचे हे जुने पाढे सगळे तोंडपाठ. बाईंचंही तेच. त्या वीस मिनिटांत खोली शाळेसारखी दणाणली, सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि सराव शून्य. साठ-सत्तर वर्षांपूर्वी घोकलेलं ओठांवर आपोआप येतं, त्याला नव्याने विचार करावा लागत नाही.

पाढे खेळातून काढले, पण दर बैठकीची सुरुवात त्यांनीच करायची ठरली, कारण त्याने माणूस ताठ होऊन बसतो. त्यांच्या जागी मालिका आणल्या: चैत्र, ज्येष्ठ, श्रावण, पुढे काय? मग नक्षत्रं, मग एक सोडून एक उलट जाणारे वार. आणि 'मागून दुसरा भाव': आवाजात हळदीचे भाव एकामागून एक येतात, थांबल्यावर शेवटून दुसरा कोणता होता ते सांगायचं. यात अण्णासुद्धा पहिल्या दिवशी अडखळले. म्हणाले, "हां, हे काम आहे."

११ फेब्रुवारी

भिंतीवर गुणतक्ता लावला होता. कंडक्टर काका वर, आत्या तळाला. आज आत्या आल्या नाहीत. घरी गेले तर म्हणाल्या, "तिथं येऊन माझं नाव खाली बघायचं मला जमत नाही." तक्ता काढून टाकला, त्यांची माफी मागितली. आता प्रत्येकाची वही वेगळी आणि तीत फक्त स्वतःचाच मागचा आकडा. शुक्रवारी आल्या.

१८ फेब्रुवारी

चार बैठकांची पातळी गेली. ब्राउझरच्या साठवणीत ती ठेवली होती, आणि क्लासमध्ये संगणक बंद होताना ब्राउझर पुसून जाण्याची सोय मीच मागे कधी तरी करून ठेवलेली. सगळे पुन्हा ५०० मिलिसेकंदांवर. वह्यांमध्ये आकडे होते म्हणून हाताने भरून घेतले, पाऊण तास गेला. आता प्रत्येक बैठकीनंतर फाईल पेनड्राइव्हवर जाते आणि वहीत लिहिणं सुरूच आहे.

२१ फेब्रुवारी

अण्णांचा आकडा हलत नाही. सहा बैठका झाल्या, बाकीचे २०० च्या आसपास आले, अण्णा ४५० वर. मालिकांमध्ये ते सगळ्यांच्या पुढे आहेत आणि इथे असे. मी शेजारी बसून दोनदा "लक्ष द्या अण्णा" म्हणाले. ते काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, "लक्ष देतोय गं. ठिपका येतच नाही."

रात्री फाईल उघडून त्यांच्या चुका जागेनुसार मांडल्या. चोवीस जागांपैकी खालच्या आणि मधल्या बाजूच्या जवळपास सगळ्या बरोबर. चुका वरच्या सात जागांवर, आणि तिथे चित्र अर्धा सेकंद दाखवलं तरी चूकच. हे मन मंद झाल्याचं लक्षण नव्हे. वेग कमी असता तर चुका सगळीकडे पसरल्या असत्या.

२४ फेब्रुवारी

मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आतला दाब मोजला, डोळ्याची शीर पाहिली, मग अर्धगोलात कडेचे दिवे दाखवून नजरेची कक्षा तपासली. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, कक्षेचा वरचा भाग गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवण्यासाठी रोज रात्री थेंब. दुखत नाही, लाल होत नाही, वाचायला अडत नाही, म्हणून कळलंच नाही. परतीच्या वाटेवर अण्णांनी स्वतःच सांगितलं की बँकेत डोक्यावर लावलेला टोकन नंबरचा फलक सापडायचा नाही. दोनदा नंबर निघून गेला, मागचा माणूस ओरडला. त्यांनी मानलं की डोकं गेलं. आणि घरात आम्हीही तेच मानलं.

२५ फेब्रुवारी

अण्णांच्या यंत्रावर वरच्या सात जागा बंद केल्या. तासाभरात ते १८३ वर आले. बाकी सगळ्यांच्या चुका जागेनुसार दाखवणारं पान कार्यक्रमात कायमचं घातलं. दुसऱ्या कुणाचा असा नमुना दिसला नाही. हे पान म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे, पण चुका एकाच बाजूला साचत असतील तर माणसाला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. पुढच्या बॅचला तर नाव नोंदवतानाच डोळे आणि कान तपासून यायला सांगणार आहे. ही गोष्ट मी पहिल्या दिवशी करायला हवी होती.

४ मार्च

एका काकूंचा आकडा दर बैठकीला वर चढतो आहे, म्हणजे त्यांना जास्त वेळ लागतो आहे. मालिकेचा नियम दर वेळी नव्याने सांगावा लागतो. मागच्या आठवड्यात मारुती चौकातून घरी जाताना वाट चुकल्या. खेळ बंद केला नाही, त्यांना चहाच्या वेळेची गप्पांची संगत हवी असते. पण मुलाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हा सराव औषध नाही, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. ब-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी त्यांनी लगेच करून घेतली, कारण यांच्या कमतरतेनेही असं होतं आणि ते सुधारू शकतं. ब-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. पुढच्या तपासण्या चालू आहेत.

७ मार्च

दहावी बैठक. बारांपैकी नऊ शेवटपर्यंत आले. एक मुलीकडे पुण्याला गेल्या, एकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एकांना खेळ आवडला नाही. वेगाचे शेवटचे आकडे ८३ ते २८३ मिलिसेकंदांच्या मध्ये, वरचा आकडा काकूंचा.

११ मार्च

घरच्या कामांची पुन्हा मोजणी, नाणी आणि यादी वेगळी. नऊ जणांची सरासरी ११८ सेकंदांवरून ९७ वर आली. सराव न केलेल्या चौघांची १२१ वरून १०९. म्हणजे आमच्या २१ सेकंदांतले बारा तर काम ओळखीचं झाल्यानेच गेले असणार. उरलेल्या नऊ सेकंदांत पोस्टमन काकांचा मोकळा झालेला कान आहे, अण्णांना घरी लावलेला जादा दिवा आहे, आठवड्यातून दोनदा बाहेर पडणं आहे. खेळाचा वाटा किती, हे नऊ माणसांवरून मला सांगता येणार नाही. कुणी विचारलं तर असंच सांगते.

खर्च: एसएसडी ८,७००, हेडफोन २,२८०, कागद ९०, खिडक्यांच्या जाड पडद्याचं कापड ६४० (दुपारचं ऊन थेट संगणकावर यायचं), चहा-भडंग १,२००. एकूण १२,९१० रुपये. माझा वेळ दीडशे तासांच्या पुढे, त्यातला निम्मा टाळता आला असता.

६ जानेवारी २०२६

'अ‍ॅक्टिव्ह' मध्ये अकरा महिन्यांनी चार बैठकांची उजळणी होती, तशी आजपासून. नऊपैकी आठ आले. काकू मुलाबरोबर आल्या, खेळल्या नाहीत, पाढे म्हणायला मात्र बसल्या आणि पाऊणकी शेवटपर्यंत म्हटली. वेगाचे आकडे घसरले आहेत, बहुतेकांचे चार-पाच फ्रेमनी.

अण्णा आता बँकेत एकटे जातात. दारातून आत गेल्यावर मान वर करून आधी फलक शोधतात, मग त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसतात. थेंब रात्री नऊला, चुकत नाहीत. नव्या बॅचसाठी चौदा नावं आली आहेत, त्यातल्या पाच जणांचे डोळ्यांचे कागद अजून यायचे आहेत. ते आल्यावर तारीख ठरेल. कार्यक्रम एका फाईलमध्ये मावतो. ज्यांना हवा त्यांनी दुपारी एकनंतर पेनड्राइव्ह घेऊन क्लासवर यावं. जागेनुसार चुकांचं पान कसं वाचायचं हे समोर बसवून दाखवते, त्याशिवाय फाईल देत नाही.